भटजी गेला, आता फोटोवाला मुहूर्त काढतोय

बौद्ध पद्धतीच्या लग्नात आज विधी कोण चालवतो? पत्रिकेवर बौद्धाचार्यांचे नाव असते, मंचावर हुकूम मात्र फोटोवाल्याचा चालतो. "दादा, हार परत एकदा घाला. ताई, इकडे बघा. काका, जरा बाजूला व्हा." हे बाजूला व्हायला सांगितलेले काका म्हणजे पंचशील देणारे बौद्धाचार्य. ज्या टेबलाकडे पाठ करून कॅमेरावाला बुटांसकट उभा राहतो, त्या टेबलावर तथागत आणि बाबासाहेब असतात. समोर सगळा समाज हात जोडून त्रिशरण म्हणत असतो आणि त्याला दिसते ती फक्त कॅमेरावाल्याची पाठ.

आमचा राग त्या कॅमेरावाल्यावर नाही. तोही पोटासाठी राबणारा माणूस आहे. त्याला जे शिकवले आणि आपण जे खपवून घेतले, तेच तो करतो. आमचा सवाल आपल्या समाजाला, त्यातही लग्नाच्या वयातल्या आंबेडकरी तरुण-तरुणींना आहे. हॉल बघायला आपण चार ठिकाणी जातो. केटररकडे चव घेऊन बघतो. फोटोग्राफर मात्र मोबाईलवरच्या एका रीलवर ठरतो. पॅकेज किती, ड्रोन आहे का, अल्बम किती पानांचा, एवढे विचारून ॲडव्हान्स दिला जातो. "तुम्ही बौद्ध लग्नाचे काम केले आहे का?" हा पहिला प्रश्न कुणीच विचारत नाही. आम्ही म्हणतो, फोटोग्राफर निवडणे हा सांस्कृतिक निर्णय आहे आणि तो चळवळीच्या शिस्तीनेच घेतला पाहिजे.

कारण आपले लग्न आपल्या पद्धतीने लावण्याचा अधिकार आपल्याला फुकट मिळालेला नाही. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीविना पहिले लग्न लावले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! पुढच्या दशकात जुन्नर तालुक्यातील ओतूरमध्ये असेच लग्न लागले, तर ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला. म्हणजे बोलावले नाही तरी पैसे द्या! १९५६ च्या डिसेंबरात, महापरिनिर्वाणाच्या अगदी तोंडावर, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यातल्या सुताचे एकेक टोक दोघांच्या हाती, मंगलसुत्ताचे पठण आणि दोघांच्या अंगावर पांढरी वस्त्रे. बस, एवढेच. कमीत कमी खर्चाचा आणि दोन माणसांना समान उंचीवर उभा करणारा विधी.

आता हा विधी आजच्या कॅमेऱ्याला कसा दिसतो ते बघा. कॅमेरावाल्याच्या डोक्यात लग्नाची एक ठरलेली यादी पक्की बसलेली असते: गौरीहर, अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी. आपल्या मंचावर यातले काहीच नसते, म्हणून त्याला वाटते की हार घालेपर्यंत काहीच घडत नाही. वर सर्वांसमोर प्रतिज्ञा घेतो की मी पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहीन. सिगालोवाद सुत्तातून आलेली ही कर्तव्ये म्हणजे बौद्ध लग्नाचा गाभा. नेमके त्याच वेळी कॅमेरावाला बॅटरी बदलत असतो!

आणि जे घडलेच नाही, ते मात्र तो नंतर घडवून आणतो. "ताई, पाया पडतानाचा एक घेऊ." "बाबा, मुलीचा हात मुलाच्या हातात देताना इकडे बघा." "दादा, भांगात कुंकू भरतानाचा क्लोज-अप." ज्या कन्यादानाला आपण विचाराने नकार दिला, ते पोजच्या नावाखाली मागच्या दाराने मंचावर येते. मुलगी म्हणजे दान देण्याची वस्तू, हा मनुवाद पोथीतून आला काय आणि फोटोच्या फ्रेममधून आला काय, फरक काय पडतो? उलट फ्रेममधला जास्त टिकतो. विधी अर्ध्या तासात संपतो. अल्बम चाळीस वर्षे कपाटात राहतो आणि उद्याची पोरे तोच बघून आपले लग्न कसे असते हे शिकतात.

अल्बमचे तर बोलायलाच नको. पहिल्या पानावर गणपती, कोपऱ्यात स्वस्तिक, मध्ये संस्कृत श्लोक. फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये डिझाइन तयारच असते, त्यात फक्त आपली तोंडे बसवली जातात. व्हिडिओला मागे भीमगीत लावा म्हटले तर "साहेब, ते सिनेमॅटिक वाटत नाही" असे उत्तर मिळते. पैसे आपले, लग्न आपले आणि अल्बम मात्र दुसऱ्याच धर्माचा!

आता रंगाचे घ्या. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे धरून चालतो. फ्रेममध्ये पांढरी साडी आणि पांढरा सदरा भरपूर असला की तो फोटो गडद करतो आणि सावळे चेहरे आणखी काळवंडतात. जाणकार फोटोग्राफर चेहऱ्यावर उजेड मोजून हे जागच्या जागी सांभाळतो. अर्धवट शिकलेला माणूस नंतर कॉम्प्युटरवर सगळ्यांना चुना फासतो. मग आपली सावळी, देखणी पोरगी अल्बममध्ये ओळखूही येत नाही. आपण म्हणतो, "काय मस्त गोरी आली!" नाही मित्रांनो, हे मस्त नाही. आजोबा-पणजोबांनी ज्या रंगावरून आणि जातीवरून अपमान गिळला, त्याच रंगाची लाज आपण पैसे देऊन विकत घेतोय.

खर्चाचे गणित तर याहून कडू आहे. आधी प्री-वेडिंग शूट, त्यासाठी भाड्याचे कपडे, भाड्याची गाडी, कुठल्या तरी रिसॉर्टची फी. मग कँडिड वेगळा, ट्रॅडिशनल वेगळा, ड्रोन वेगळा, हॉलमध्ये मोठी एलईडी वॉल वेगळी. यासाठी आई बचत गटातून कर्ज उचलते, भाऊ फायनान्स कंपनीचे हप्ते अंगावर घेतो. आणि अल्बम आल्यावर बघावे, तर त्या आईचा एकही धड फोटो नसतो. स्वयंपाकाला राबलेल्या बायका नसतात, आदल्या रात्रीपासून खुर्च्या लावणारी वस्तीतली पोरे नसतात. जोडप्याचे चारशे फोटो आणि समाजाचा एक, तोही जेवणाच्या रांगेचा.

यावर कुणी म्हणेल, मग फोटोच नको. साधेपणा म्हणजे कॅमेराच बंद. हेही आम्हाला मान्य नाही. आपल्यासाठी लग्नाचा फोटो ही चैन कधीच नव्हती. या देशात दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आजही दगड पडतात. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावात २०१८ साली एका दलित नवरदेवाला ठाकुरांच्या वस्तीतून वरात नेण्यासाठी हायकोर्टापर्यंत धाव घ्यावी लागली आणि शेवटी पोलिसांच्या फौजफाट्यात वरात निघाली. अशा वरातीचा फोटो हा इतिहासाचा दस्तऐवज असतो.

शिवाय तो कायद्याचा पुरावाही असतो, हे तरुणांनी नीट समजून घ्यावे. आपण बौद्ध असलो तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्यालाही लागू होतो. हा अन्याय आहे आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी त्यासाठीच आहे. पण तोपर्यंत वास्तव काय? या कायद्याच्या कलम ७ नुसार दोघांपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लागलेले असावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने या कायद्याखालचे लग्न वैध ठरत नाही. उद्या नवऱ्याने लग्नच नाकारले, तर पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या बहिणीला दाखवायला काय असेल? स्लो मोशनमध्ये पळतानाचा प्री-वेडिंग व्हिडिओ? तिला कामी येईल तो प्रतिज्ञा घेतानाचा, मडक्याचा, सुताचा, बौद्धाचार्यांचा आणि साक्षीदारांचा फोटो. नोंदणी कार्यालयातही पत्रिका आणि साक्षीदारांसोबत लग्नाचा फोटो मागतात. म्हणून विधीचा फोटो आधी, बाकीची हौस नंतर.

तर मग फोटोग्राफर ठरवताना काय करायचे? आमचे सांगणे असे:

१. रील बघून ठरवू नका. त्याने केलेल्या एका लग्नाचे सगळे फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत मागा. पांढरे कपडे आणि सावळे चेहरे असलेले काम मुद्दाम बघा.

२. त्याला विधीचा क्रम कागदावर लिहून द्या: वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलसुत्त. प्रत्येक टप्प्याचा फोटो हवाच, हे सांगा. लग्नाआधी बौद्धाचार्यांशी त्याची भेट घालून द्या.

३. अटी स्पष्ट सांगा. मंचावर बूट नाहीत. मूर्ती आणि प्रतिमेकडे पाठ नाही. विधी चालू असताना सूचना नाहीत. घडले नाही ते घडवायचे नाही. अल्बमचे डिझाइन छपाईआधी आम्ही बघणार. चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही.

४. माणसांची यादी द्या. आई, आजी, मामा, महिला मंडळ, वस्तीतले कार्यकर्ते, स्वयंपाकी, बँडवाले. ही यादी सांभाळायला घरातला एक जाणता माणूस फोटोग्राफरसोबत ठेवा.

५. सगळे लेखी करा. किती माणसे येणार, ठरलेला माणूस आजारी पडला तर कोण येणार, मूळ फोटो हार्ड डिस्कवर कधी मिळणार, अल्बम किती दिवसांत. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता काम हातात आल्यावर. आणि एक लक्षात ठेवा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून सही करण्याआधी वाचा. तुमच्या बहिणीचा फोटो त्याने जाहिरातीत वापरायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचे.

आता नेहमीचा आक्षेप येईलच: "म्हणजे तुम्ही फोटोग्राफरची जात बघायला सांगता?" नाही. आम्ही काम आणि आदर बघायला सांगतो. बुद्धाच्या विधीचा मान राखणारा, उजेड जाणणारा कुठल्याही समाजाचा माणूस आपलाच आहे. पण मग दुसरा प्रश्न आम्ही विचारणार. आपल्या वस्त्यांतून आज कितीतरी पोरे-पोरी कॅमेरा घेऊन उभी आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे जगासमोर मांडणाऱ्या सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आपल्या नजरेत काय ताकद आहे हे त्यांनी दाखवले. तरी लग्न आले की आपल्याच पोराला काय सांगितले जाते? "तू घरचाच आहेस, पेट्रोलचे पैसे घे." बाहेरच्याला मागेल तेवढे देतो आणि आपल्याशी घासाघीस करतो. जयभीम हे डिस्काउंटचे कूपन नाही! त्याच्या कॅमेऱ्याचे हप्तेही बँक जयभीम म्हणून माफ करत नाही. त्याला पूर्ण दर द्या आणि मग त्याच्याकडून पूर्ण दर्जाचे काम हक्काने मागा. तोही चुकला तर त्यालाही सुनवा.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मंगल परिणय आहे त्यांनी एवढे करावे: ॲडव्हान्स देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, नवरीसकट, एकत्र बसून वरच्या पाच मुद्द्यांवर बोलावे. वस्तीतल्या मंडळाने विधीच्या क्रमाचा एक छापील कागद तयार ठेवावा आणि प्रत्येक लग्नघरी द्यावा. याला पैसे लागत नाहीत. लागतो तो ठामपणा. भटजीला नाही म्हणण्याची हिंमत आपल्या पूर्वजांनी उपाशीपोटी दाखवली. भरल्या पोटी आपल्याला एका फोटोवाल्याला "थांबा, प्रतिज्ञा चालू आहे" एवढेही म्हणता येत नसेल, तर वारसा सांगायचा कोणत्या तोंडाने?

जयभीम!