नोबिताचे कर्ज

नोबिता नोबी ह्या गृहस्थांची आणि आपली ओळख आहे काय? नसल्यास घरातल्या सात-आठ वर्षांच्या कोणाही माणसाला विचारावे. चष्मा लावतो, गणितात शून्य मिळवतो, भर दुपारी झोपा काढतो, आणि अंगाशी आले की कपाटात राहणाऱ्या एका निळ्या यांत्रिक मांजराच्या गळ्यात पडून रडतो. त्या मांजराचे नाव डोरेमॉन. हिरोशी फुजिमोतो ह्या जपानी चित्रकाराने १९६९ सालच्या अखेरीस ही जोडी मुलांच्या मासिकांत आणली, १९७९ पासून ती तिकडच्या टी.व्ही.वर ठाण मांडून बसली, आणि गेली वीस वर्षे आमच्या कोल्हापुरातही हिंदी बोलत घरोघर जेवायला असते. जेवायला म्हणतो ते अशासाठी की, ती समोर असल्याखेरीज पुष्कळ मुलांच्या तोंडात घास जात नाही.

हे मांजर मुळात आले कशाला, ते मात्र फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. नोबिता मोठा होतो, नोकरी मिळत नाही म्हणून स्वतःची कंपनी काढतो, फटाक्यांच्या आगीत ती जळून खाक होते आणि डोक्यावर कर्ज होते. ते कर्ज इतके की, बाविसाव्या शतकातला त्याचा खापरपणतू सेवाशी अजून ते सोसतो आहे. नव्या वर्षाला जपानी मुलांना वडीलधारे पैसे देतात, आपल्याकडच्या ओवाळणीसारखे. ह्या बिचाऱ्याला मिळाले अवघे पन्नास येन. तेव्हा कंटाळून त्याने डोरेमॉनला भूतकाळात धाडले, ह्या पणजोबाला काही वळण लागते का पाहा म्हणून. म्हणजे ज्या मालिकेला आपण पोरखेळ म्हणतो तिची सुरुवातच वसुलीने झालेली आहे!

रंकाळ्यावर संध्याकाळी आमचे एक मंडळ बसते. त्यातल्या निवृत्त मंडळींची तक्रार ठरलेली. ह्या कार्टूनांतली पात्रे खोटे बोलतात, चोऱ्या करतात, आईला उलट उत्तरे देतात आणि त्यांना कोणी जाब विचारीत नाही. मग आमची नातवंडे बिघडणार नाहीत तर काय? मी सुटीत मुलीच्या शेजारी बसून हे सर्व प्रकरण बऱ्यापैकी पाहिले आहे. माझे मत असे की, तक्रार अर्धी खोटी आहे आणि उरलेली अर्धी त्यांना वाटते त्याहून गंभीर आहे.

खोटी अशी की, शिक्षा तर सगळ्यांना होते. नोबिता डोरेमॉनचे यंत्र पळवतो, ते त्याच्यावरच उलटते. जियान हा गल्लीतला दांडगा पोरांना बडवतो, त्यांची पुस्तके हिसकावतो, आणि मग त्याची आई येऊन त्याला बदडत दुकानाच्या कामाला जुंपते. शिनचॅनच्या डोक्यावर आईच्या हातचे टेंगूळ नाही असा भाग विरळा. आपल्या हैदराबादेत निघालेल्या छोटा भीममधला कालियासुद्धा मार खाऊनच घरी जातो. इतक्या नेमाने शिक्षा देणारी न्यायालये पृथ्वीच्या पाठीवर नसतील.

पण दुसरा दिवस उजाडला की जियान पुन्हा दारात उभा. काल नेलेले पुस्तक त्याने परत केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. नोबिताही ते मागत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला दोघेही विसरून गेले, आणि गंमत म्हणजे त्यात तो स्वतःही आला.

मराठीच्या मास्तराला येथे शब्द आडवे येणारच. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवण. हिंदीने तो अर्थ राखला. आपण मराठी माणसांनी मात्र तिचा दंड करून टाकला. 'जबाबदार' हा शब्द फारशीतून आलेला. ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार. दंड भरून मोकळे होता येते. जबाब मात्र कोणाला तरी द्यावा लागतो, आणि तो कोणाला, हाच ह्या मालिकांतला गाळलेला प्रश्न आहे.

सरकारने एकदा उत्तर देऊन पाहिले. पालकांच्या तक्रारींवरून २००८ साली दिल्लीच्या मंत्रालयाने शिनचॅन बंद केला. पुढे काटछाट होऊन तो परत आला. पाच वर्षांच्या मुलावर, तोही चित्रातला, अशी कारवाई झालेली पाहून मला हसू आले होते. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली डोरेमॉन थांबवला, पण त्याचा गुन्हा निराळा. मुले त्याच्यापायी हिंदी बोलू लागली होती. (आमच्या गल्लीतली पोरे भांडताना हिंदीत शिरतात आणि मार बसला की कोल्हापुरीत परत येतात, तेव्हा ढाक्याचे दुःख मी समजू शकतो.)

आता गंभीर भाग. नोबिता सुधारला तर मालिकेचे काय होईल? दुकान बंद. शिनचॅन १९९२ पासून टी.व्ही.वर आहे आणि अजून पाचच वर्षांचा आहे. आपला 'सकाळ'मधला चिंटू १९९१ चा, तोही मोठा झाला नाही. ज्याचे वय वाढायचे नाही त्याच्या पाटीवर कालचे काही उरू देऊन चालत नाही. रोज सकाळी ती पुसलेली हवी.

जुन्या गोष्टींना ही अडचण नव्हती. ज्या 'प्रभात' कंपनीचा जन्म १९२९ साली ह्याच कोल्हापुरात झाला, तिने पुण्यास गेल्यावर १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा चित्रांचा बोलपट काढला होता. जंबूकाका म्हणजे कोल्होबा. येथे कोल्हापूरकराने थोडी छाती फुगवली तर वाचकांनी क्षमा करावी. तर पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडून राजा होतो, एका रात्री कोल्हेकुई करून पकडला जातो आणि जिवाला मुकतो. हिशेब पुरा, गोष्ट पुरी. उद्याचा भाग नाही.

खुद्द फुजिमोतोंनाही हे टोचले असावे, असे मला वाटते. १९७४ च्या मार्चमध्ये त्यांनी डोरेमॉनला परत पाठवून दिले. निघण्याच्या आदल्या रात्री नोबिता मांजराची मदत न घेता जियानशी एकटा झुंजतो. मार खातो, पडतो, पुन्हा पायाला चिकटतो, आणि शेवटी जियानच कंटाळून घरी जातो. हेतू एवढाच की, डोरेमॉनने निर्धास्त जावे. मी ते पाहताना माझी मुलगी उठून पाणी प्यायला गेली, म्हणजे मला एकट्याला पाहू द्यावे म्हणून. नोबिताने खापरपणत्याच्या कर्जाचा पहिला हप्ता भरला तो त्या रात्री. पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला आणि खाते पूर्ववत झाले.

मुलगी आता कॉलेजात आहे. तिने मला 'अवतार' ही २००५ ते २००८ ह्या काळातली अमेरिकन मालिका दाखवली. तिच्यात झुको नावाचा राजपुत्र आहे. ज्या काकाने त्याला सांभाळले त्याचाच तो घात करतो, आणि पुढे पश्चात्ताप होऊन ज्यांचा पाठलाग केला त्या मुलांच्या दारी येतो. आपल्याकडच्या चित्रपटात येथे एक गाणे होऊन सगळे गळ्यात पडले असते. येथे कोणी त्याला जवळ करीत नाही. एक आंधळी मुलगी विश्वासाने रात्री त्याच्या तळावर जाते, तर दचकून त्याच्याच हातून तिचे पाय भाजतात. आणि कटारा, जिचा विश्वास त्याने मोडला होता, ती तर त्याला सर्वांत शेवटी माफ करते. तेही तिच्या आईच्या मारेकऱ्याच्या शोधात तो तिच्याबरोबर गेल्यानंतर. काका मात्र त्याला पुरते बोलूही न देता पोटाशी धरतो. माफीची किंमत ज्याचे त्याने ठरवली, हे मला फार खरे वाटले. आणि हे जमले, कारण एकसष्ट भागांत ती मालिका संपवायची होती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची भूगोलाची वही गटारात टाकली. वर्षाचे सगळे नकाशे त्यात होते. शाळेने चौघांना बाहेर उभे केले, पालकांना बोलावले, वर्गासमोर 'सॉरी' म्हणायला लावले. तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना. भाचा मला म्हणाला, "मामा, शिक्षा झाली की. सॉरीपण म्हटलं. आता काय राह्यलं?" तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या लेखी भाग संपला होता.

माझी अक्का जेमतेम दहावी शिकलेली. कार्टून तिने कधी पाहिले नाही. तिने एक कोरी वही आणली आणि भाच्याला म्हणाली, "मला नको सांगू. त्याच्या घरी जाऊन बस आणि लिही. आणि त्यालाच विचार, शाळेला येतोयस काय म्हणून."

तीन संध्याकाळी हा तिथे सोप्यात बसून लिहीत होता. त्या मुलाची आजी चहा-खारी पुढे ठेवायची. मुलगा आतून बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी आला, उभ्यानेच नकाशा पाहिला आणि अडखळत म्हणाला, "चुकलंय. सांगलीजवळ वारणा मिळते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला." आणि पुन्हा आत गेला.

ते पान भाच्याने पुन्हा काढले. कृष्णेची निळी रेघ धड येईना म्हणून तिसऱ्यांदाही काढले.