सरासरीचे ताट

मे २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकलेले असताना अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भारतातील वाढत्या मध्यमवर्गाकडे बोट दाखवले. हाती पैसा आला की माणसे अधिक चांगले अन्न मागतात, मागणी वाढते आणि भाव चढतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपल्याकडे संताप उसळला आणि उत्तरादाखल आकडे पुढे झाले. अमेरिकेत धान्याचा दरडोई वार्षिक वापर हजार किलोंहून अधिक, भारतात पावणेदोनशेच्या आसपास, तर जगाची सरासरी तीनशेच्या थोडी वर. वाद आपण जिंकला, असे आपण मानले. मला वाटते, खरा विचार तिथून सुरू व्हायला हवा होता.

मुळात हे हजार किलो कोणी खात नाही. अमेरिकन माणूस पाव वगैरे रूपांत थेट खातो ते धान्य शंभर किलोंच्या आतबाहेर. उरलेल्यातले पुष्कळसे गुरे, डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात जाते; आज तर तिथल्या मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इथेनॉलच्या कारखान्यांत शिरतो. मांसाचा दरडोई पुरवठा तिथे वर्षाला सुमारे १२० किलो, जगात चाळीसच्या वर आणि भारतात जेमतेम पाच. म्हणजे 'वापर' या एकाच शब्दाखाली जेवण, पशुखाद्य आणि इंधन एकत्र मोजले जाते. सारे जग अमेरिकेच्या मापाने धान्य वापरू लागले, तर आजचे जागतिक उत्पादन जवळजवळ तिप्पट करावे लागेल. बुश यांचा आरोप टिकत नाही, तो यामुळे.

परंतु आपला लहान आकडा हे आपले पुण्य आहे काय? राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात तृणधान्याचा दरडोई मासिक वापर १९९३-९४ मध्ये १३.४ किलो होता. २०११-१२ मध्ये तो ११.२ किलोंवर आला. अंगमेहनत कमी झाली, ताटात इतर पदार्थ आले, ही कारणे अभ्यासक देतात आणि ती काही अंशी खरीही असतील. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. ही मुले संयमाने कमी जेवत नव्हती. समोर भरलेले ताट असताना न जेवणे हा उपास. ताटच रिकामे असेल तर ती उपासमार. सरासरीला हा भेद कळत नाही.

देशांची तुलना जरूर करावी. तिच्यामुळेच पृथ्वीवरील धान्य कुठे मुरते ते दिसते. मात्र परक्याच्या आरोपाला उत्तर म्हणून वापरलेला आकडा घरात समाधान म्हणून मिरवू नये. जगाच्या सरासरीहून आपण कमी वापरतो, हे वाक्य अमेरिकेला ऐकवताना बचाव ठरते. तेच वाक्य त्या खुंटलेल्या मुलाच्या आईसमोर उच्चारून पाहावे.