गोंडवाना आपल्याच कोळशात आहे

गोंडवाना हे नाव आपण सगळ्यांनी भूगोलाच्या तासाला पाठ केले. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र होते तो महाखंड. पण हा शब्द गोंडांच्या मुलखाचा आहे, हे किती मुलांना ठाऊक असते? मध्य भारतातल्या खडकांना १८७०च्या दशकात इथल्या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी हे नाव दिले. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी ते दक्षिणेकडच्या भूभागांना लावले. मधली जमीन समुद्रात बुडाली, असे झ्यूस मानत. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर म्हणाले, बुडाली नाही, खंडच सरकले. त्यांना वेड्यात काढले गेले. १९६०च्या दशकात जगाने मान्य केले तेव्हा ते हयात नव्हते.

'मूळचे इथले कोण' हा वाद आपल्याकडे सदैव पेटलेला असतो. मला गंमत वाटते, कारण इथली जमीनच एके काळी अंटार्क्टिकाला चिकटलेली होती!

याचा पुरावा एक पान आहे. जिभेच्या आकाराचे, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचे. त्याच १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मेले. मरणाच्या दारातही त्यांनी सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत हे पान निघाले. तेच पान नागपूरजवळ कामठीच्या खडकांतही आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथली वनस्पती-जीवाश्मे एकोणिसाव्या शतकातच गोळा केली. गोंडांच्या कथा-गाणीही त्यांनीच टिपून ठेवली.

आणि आपण? चंद्रपूरचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. आपण तो ट्रकमध्ये भरतो, वीज करतो, धूर चंद्रपूरकरांना देतो. कोळशावरचा खडक ढिगाऱ्यात जातो. त्यात पाने असतील तर तीही गेली. वीज हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाण खोदताना जीवाश्म ओळखणारा एक माणूस नेमणे फार खर्चाचे नाही. निवडलेले दगड जवळच्या जिल्हा परिषद शाळांत ठेवावेत, शेजारी गोंडी आणि मराठीत पाटी लावावी. ज्यांच्या मुलखाचे नाव अर्ध्या जगाला लागले, त्यांच्या पोरांना ते पान आधी हातात घेता आले पाहिजे.