सगळा उशीर सारखा नसतो



परदेशी दत्तकातला विलंब म्हणजे निव्वळ छळ, त्यापेक्षा ओळखीतून थेट मूल घ्यावे, असे गेल्या अंकातील पत्रलेखक सुचवतात. माझी मावसबहीण आणि मेहुणे परदेशात वाटच पाहत आहेत, तेव्हा छळ आम्हालाही ठाऊक आहे. तरीही हा सल्ला घातक वाटतो. मुलांच्या अशाच बाजाराबद्दल वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्यातून 1984 चा निकाल आला. आज 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय दत्तक मूल परदेशी नेता येत नाही, ते त्यामुळेच.

काही उशीर गरजेचाच असतो. बाळ स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. त्यातला एकही कमी करू नये.

राग यावा तो दुसऱ्या उशिराचा. गृहभेटीचा अहवाल 3 वर्षे चालतो. फाईल पडून राहिली की तो पुन्हा करा. ताईने पोलिसांचा दाखला नव्याने काढला, तोवर वैद्यकीय दाखला जुना झाला! त्यात 1 सप्टेंबर 2022 पासून अंतिम आदेशाचे काम न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. प्रलंबित प्रकरणे न्यायालयांतच चालवा, असे मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी 2023 मध्ये सांगावे लागले. मधल्या काळात ताटकळली ती घरे आणि मुले.

फाईल कोणत्या टेबलावर आहे आणि का, हे महिन्याला लेखी कळवायला कायदा बदलावा लागत नाही. पत्रलेखकांनी तेवढे मागावे, आम्हीही सही करू.

– एक वाचक, पोफळी (ता. चिपळूण)