कॅमेऱ्यात दडलेली ताकद

मे 2013 मध्ये कॅननच्या ‘5डी मार्क 3’ या कॅमेऱ्यातून कंपनीने कधीच न दिलेली गोष्ट बाहेर आली: 14 बिटचा रॉ, म्हणजे न दाबलेला कच्चा व्हिडिओ. ती काढली ‘मॅजिक लँटर्न’ या मोफत सॉफ्टवेअरवर राबणाऱ्या स्वयंसेवकांनी.

कॅमेऱ्याचा नेहमीचा व्हिडिओ 8 बिटचा, दाबून लहान केलेला. त्यात एका रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या. रॉमध्ये त्या 16,384 होतात. त्यामुळे भगभगीत आभाळातले ढग आणि सावलीतला चेहरा, दोन्ही संकलनाच्या वेळी सावरता येतात. किंमतही जबर आहे. फुल एचडीला सेकंदाला सुमारे 87 एमबी, म्हणजे 32 जीबीचं कार्ड सहा मिनिटांत भरतं! सुरुवातीला तर आवाजही वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागे.

हा खटाटोप प्रत्येकाने करावा, असं मुळीच नाही. ‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेचा 2010 मधला एक भाग 5डी मार्क 2 वर साध्या व्हिडिओतच चित्रित झाला होता.

पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची ताकद किती वापरायची, हे वापरणाऱ्यानेच ठरवायला हवं. लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याला सिनेकॅमेऱ्याचं भाडंच परवडत नाही. कॅननने 2020 मध्ये ‘ईओएस आर5’मध्ये रॉ स्वतःहून दिलं. 5डी मार्क 3 घेणाऱ्यांना ते अधिकृतपणे कधीच मिळालं नाही, आणि हा त्यांच्यावर अन्यायच होता.