पुडी आणायला पोराला कोण पाठवतं?

बीबी गावच्या बसस्टँडवर पोरांच्या व्यसनाचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो: मोबाईलनं बिघडवलं, संगतीनं बिघडवलं. त्यात आता 'वेप'ची, म्हणजे ई-सिगारेटची, भर पडली. शहरात शिकायला गेलेलं पोरगं पेनड्राइव्हसारखी नळी ओढतं म्हणे. म्हणजे खोट बाहेरचीच. मोठ्यांना हे बोलणं फार सोयीचं आहे. ते खरं मात्र नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या युवक तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांना विचारलं होतं. चघळायची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच चाखली होती. बिडीत हे प्रमाण ४७, सिगारेटमध्ये ३८. दहा वर्षांच्या आतल्या पोराला कसली आली कॉलेजची संगत? त्याची संगत बाप, काका आणि तंबाखूनं दात घासणारी आजी.

ही संगत कशी लागते ते उघड्यावर दिसतं. "जाय बरं, एक पुडी आण. उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." पोरगं पळत जातं. टपरीवर पुड्यांच्या माळा नेमक्या त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लोंबत असतात. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. धंद्यानं मसाला वेगळा केला, तंबाखू वेगळी केली. पुड्या दोन आणि गिऱ्हाईक एकच. एक दातानं फाडायची, दुसरीतली तंबाखू तिच्यात ओतायची, तोंड चिमटीत धरून हलवायचं. हे सगळं पोरगं रोज जवळून पाहतं, आणि शाबासकीला हातात चॉकलेटही असतं. शिकवणी याहून वेगळी काय असते?

कायदे कमी आहेत म्हणावं तर तेही नाही. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम त्याहून कडक आहे: मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण पोरगं म्हणतं, "बाबांनी मागितली," आणि दोन्ही कायदे तिथंच लंगडे होतात. पुडी बाबांची की त्याची, हे टपरीवाल्यानं ओळखावं कसं?

राहिला वेप. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासूनच बंदी आहे. विक्री पहिल्यांदा पकडली गेली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी ती मिळते, कारण तिची युक्ती आपल्या ओळखीची आहे. तिच्यात फळाचा स्वाद, पुडीत वेलचीचा. आधी गोड सुपारी, मग सुगंधी मसाला, मग तंबाखू, हा रस्ता आपण केव्हाच घालून ठेवला आहे. नळीनं फक्त जाळ आणि धूर वगळला, निकोटीन तेच. शिवाय महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. नळीच्या नावानं बोंब मारणाऱ्यांतले कितीतरी जण गालात गोळी धरूनच बोलत असतात!

"आम्हीही लहानपणी बापाला आणून दिली, आम्हाला कुठं लागली?" असं कुणी म्हणेल. न लागलेलेच असं सांगू शकतात; लागलेले त्या वेळी टपरीवर असतात. सोयाबीन सोंगताना भूक मारायला तंबाखू लागते, हे मात्र मी झटकून टाकणार नाही. ते दुखणं खरं आहे, त्यावर वेगळं बोलावं लागेल. पण भूक त्या माणसाची असते, मग टपरीपर्यंत पोरानं का जावं?

ग्रामसभेनं मोबाईलवर ठराव करण्याआधी एवढाच ठराव करावा: गावात कुणी पोराला पुडी आणायला पाठवणार नाही. यात खर्च नाही, नवा कायदा नाही. टपरीवाल्यालाही मग "ज्याला पाहिजे त्याला पाठव" म्हणायला तोंड मिळेल. आज तो तसं म्हणाला तर पोराचा बापच भांडायला येतो.