रान विकून विरारची खोली

गळीत सुरू होऊन उसाचा पहिला हप्ता हाती पडला, की गावोगाव एकच बोलणे निघते : पोराला मुंबईत नोकरी लागली, विरारला खोली घ्यायचीय, एकरभर रान विकावे काय? सभासद बंधूंनो, ते तुमचे तुम्ही ठरवा. मुंबईत चार भिंती परवडत नाहीत म्हणूनच माणसे विरार-नालासोपाऱ्याला राहतात. तिथून चर्चगेट साठ किलोमीटर, तेही लोकलच्या गर्दीत. तेवढे तरणे पोर सोसेल.

पाण्याचे मात्र विचारून घ्या. वसई तालुका एके काळी केळीचा आणि उसाचा मुलूख होता. ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. इमारतींसाठी टँकर भरभरून विहिरी उपसल्या आणि समुद्राचे खारे पाणी आत शिरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची मंडळी वर्षानुवर्षे हेच सांगत होती. आता शहराला सूर्या धरणाचे पाणी येते. ते धरण शेतीच्या ओलितासाठी म्हणून बांधलेले! पाळीच्या पाण्यासाठी रात्र जागवणाऱ्याला यातले दुखणे वेगळे सांगायला नको.

पण आमचे खरे म्हणणे कागदाविषयी आहे. हातभर बांध सरकला तर आपण मोजणी आणतो, सातबाऱ्यावरची एक नोंद चुकली तर तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालतो. आणि खोली घेताना? दलालाचा रंगीत नकाशा बघून इसार देऊन मोकळे! नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उठल्या, खोल्या विकल्या गेल्या. कोर्टाच्या हुकमाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यांत रान विकून आलेले कुणी नसतील असे थोडेच आहे? त्याच २०२५ च्या ऑगस्टात विरारची बेकायदा रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसे गेली.

तेव्हा इसाराआधी जमिनीचा सातबारा, बिगरशेती हुकूम, महापालिकेची बांधकाम परवानगी, भोगवटा दाखला आणि महारेराचा नंबर मागा. नुसते बघून परतू नका. परवानगीचा नंबर महापालिकेच्या कचेरीत स्वतः जाऊन पडताळा. नालासोपाऱ्यातही लोकांना कागद दाखवलेच होते, ते खोटे निघाले.